एक यार्ड, चार डाउन आणि सार्किसियनचा तो टॉस

ऑस्टिनकर
कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद उकरला जातो, गोल लाइनपाशी सरळ मधून घुसायचं की कडेने जायचं, म्हणून इथेच मांडतो. १० जानेवारी २०२५, आर्लिंग्टन, कॉटन बोल, प्लेऑफची सेमीफायनल. ओहायो स्टेट २१, टेक्सास १४, शेवटची चारेक मिनिटं. पास इंटरफिअरन्सच्या दोन पेनल्ट्या टेक्सासच्या पथ्यावर पडल्या आणि बॉल थेट गोल लाइनपासून १ यार्डावर आला, ती ओलांडली की टचडाउन. हातात चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न.

पहिल्या डाउनला आमचा धावपटू गिब्सन बॉल घेऊन मधून घुसला, तसूभरही सरकला नाही. दुसऱ्याला आमचा कोच सार्किसियनने टॉस खेळवला, म्हणजे दुसरा धावपटू विझनर याच्याकडे बाहेरच्या बाजूला मागे फेकलेला बॉल, ७ यार्ड मागे. तिसऱ्याला आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) इवर्सचा पास वाया. चौथ्याला ओहायो स्टेटच्या बचावफळीत कडेला खेळणाऱ्या (एंड) जॅक सॉयरने इवर्सच्या हातातला बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळून टचडाउन केला. २८-१४. (हे दोघे २०२१ साली कोलंबसला, ओहायो स्टेटमध्येच, रूममेट होते, म्हणजे घरच्याच माणसाने घात केला.)

१ यार्ड हवा असताना बॉल उलट पाच-सहा यार्ड मागे फेकायचा हा निव्वळ आगाऊपणा आहे. डाव्या टॅकलला, म्हणजे वाट मोकळी करणाऱ्या फळीत, केल्विन बँक्स उभा होता, त्या वर्षीचा आउटलँड ट्रॉफीवाला (सर्वोत्तम लाइनमन). त्याच्या आडून पुन्हा घुसायचं. नाही जमलं तरी बॉल १ यार्डावरच राहतो ना? आणि पळण्यात तरबेज असलेला दुसरा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगला काय शोभेसाठी बाकावर बसवला होता?

बकआय_भाऊ
साफ असहमत. निकाल बघून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं.

पहिल्या डाउनला मधूनच गेलात ना? मिळालं काय? भोपळा. गोल लाइनपाशी बचावाला मागे राखायला मैदानच उरत नाही, एंड झोनचे १० यार्ड आणि बस्स. त्यामुळे सेफ्टी, लाइनबॅकर असे मागचे बचावपटू सगळे पुढे येऊन खेटतात. लांबी आटते, रुंदी मात्र तेवढीच राहते, ५३ यार्डांच्या वर. मग जागा कुठे सापडणार? कडेलाच! सार्किसियनही सामन्यानंतर साधारण हेच म्हणाला: कडेला जायचं ठरलेलं होतं, ब्लॉकिंग जमलं नाही.

आणि ‘सरळ घुसा’वाल्यांसाठी आमचं घरचं दुखणं. ३० नोव्हेंबर २०२४, आमच्याच मैदानावर मिशिगन. समोर मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँटसारखे दोन डोंगर, तरी आमचा कोच रायन डे हट्टाने मधूनच पळवत राहिला. अख्ख्या सामन्यात पळून ७७ यार्ड. १३-१० हरलो.

ऑस्टिनकर
भाऊ, ते पूर्ण सामन्याचं झालं. इथे एकच यार्ड हवा होता! तुमच्या त्या ७७ ची सरासरी काढली तरी दर खेपेला एक यार्ड सहज पडतो.

बकआय_भाऊ
स्वतःच्या ३० यार्डावरची सरासरी गोल लाइनवर लावताय? धन्य आहात.

नवखा_पुणेकर
मी या खेळात नवीन आहे. सरळ फील्ड गोल का नाही मारला?

ऑस्टिनकर
सात गुणांनी मागे होतो. फील्ड गोलचे तीन मिळून काय उपयोग?

कुंपणावरचा
दोघेही फार ठाम बोलताय. १ जानेवारी २०२४ चा रोझ बोल आठवा. ओव्हरटाइम, अलाबामा सातने मागे, चौथा डाउन, ३ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक मिलरोला मधून पळवलं, मिशिगनने तिथेच दाबला, २७-२०. अलाबामाचा कोच निक सेबनचा शेवटचा सामना ठरला तो. तेव्हा सगळे ओरडत होते, बाहेर का नाही गेलात, पास का नाही टाकलात!

त्याच्या आदल्या सीझनचा फिएस्टा बोल तर औरच. मिशिगनने टीसीयूसमोर २ यार्डावर चौथ्या डाउनला सर्कस केली: टाइट एंडकडे (एरवी ब्लॉक करणारा, पास झेलणारा खेळाडू) बॉल देऊन त्याने पास टाकायचा. तो टाकायच्या आधीच आडवा झाला. पुढे त्याच सामन्यात गोल लाइनला टेकून सरळ घुसायला गेले, तर त्यांच्या मुलिंग्सच्या हातून बॉल निसटला. ५१-४५ हरले. कसरतही फसली, सरळमार्गही फसला.

फिल्म_रूम
फसतं सगळंच. फसल्यावर हातात काय उरतं ते बघा.

मधली धाव फसली की बॉल १ यार्डावर. पास पडला तरी १ यार्डावर. टॉस फसला की ८ वर. त्या टॉसने सात यार्डांपेक्षा मोठी गोष्ट घालवली, धावेचा धाक. १ यार्डावर सॉयरसारख्या एंडला आपली जागा सोडता येत नाही, शेजारून धाव जाईल ही भीती असते. ८ यार्डावर चौथ्या डाउनला पासच येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो मोकाट सुटला आणि पुढचं तुम्ही पाहिलंच. सॉयर ग्रेट आहेच, पण त्याची वाट दोन डाउन आधी मोकळी करून दिली होती.

पण ऑस्टिनकर, तुमचं ‘पुन्हा घुसा’ही मला पटत नाही. दुसऱ्या डाउनला प्ले-ॲक्शन हवा होता. धावेचं नाटक, सगळे आत ओढले जातात, टाइट एंड मागून सटकतो.

बकआय_भाऊ
अगं बाई, सीॲटल विसरलीस? फेब्रुवारी २०१५, सुपर बोल, १ यार्ड, दुसराच डाउन, पास. समोरच्या संघाच्या माल्कम बटलरने मधेच झेलला. सीॲटलचा तेव्हाचा कोच पीट कॅरलला अजून ऐकवतात लोक.

फिल्म_रूम
तो गर्दीत टाकलेला झटपट पास होता. मी म्हणतेय क्वार्टरबॅक कडेला धावत जातो, कोणी मोकळं नसेल तर बॉल सरळ बाहेर भिरकावतो. एक डाउन गेला, यार्ड शाबूत.

ऑस्टिनकर
म्हणजे पळता येणारा क्वार्टरबॅक हवा. म्हणजे मॅनिंग! त्याच सामन्यात चौथ्या डाउनला १ यार्ड हवा होता तेव्हा आला आणि ८ काढून गेला. टेक्सास ए अँड एमविरुद्धही चौथ्याच डाउनला १५ यार्ड पळून टचडाउन, १७-७ जिंकलो. आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, सगळे नावाजलेले क्वार्टरबॅक, आणि हा बाकावर टाळ्या वाजवतोय.

बकआय_भाऊ
तो मैदानात आला की अख्ख्या स्टेडियमला कळतं, धाव आहे. दवंडी पिटून खेळायचं का?

फिल्म_रूम
कळू द्या की. सगळ्यांना धाव वाटत असेल तर त्यानेच पास टाकायचा.

कुंपणावरचा
आणि पडला असता तर हाच धागा ‘पोराच्या हाती का दिला’ म्हणून निघाला असता.

ऑस्टिनकर
निघाला असता. पण तिसरा डाउन १ यार्डावर खेळलो असतो, ८ वर नाही.