शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी : शेवट नेमका कुठल्या वेगाचा?

वाटसरू : शोस्ताकोविच या सोव्हिएत संगीतकाराच्या पाचव्या सिम्फनीचं कंडक्टर बर्नस्टाइनचं १९५९चं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ झालंय. शेवट सुसाट, सगळा जल्लोष. काल रोस्त्रोपोविच या दुसऱ्या कंडक्टरचं लावलं तर तोच शेवट पाय ओढत चाललेला! एवढा फरक चालतो? खरा वेग कुठला?

मंद्रसप्तक : गोम छापील स्कोअरमध्ये (स्वरलिपीत) आहे. कोडाला, म्हणजे अगदी शेवटच्या भागाला, काही आवृत्त्यांत मिनिटाला किती क्वार्टर नोट (पाव स्वर) ते दिलंय, काहींत जवळपास तोच आकडा एट्थ नोटला (त्याच्या निम्म्या स्वराला). म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक. १९३७च्या नोव्हेंबरात लेनिनग्राडला पहिला प्रयोग कंडक्टर म्राविन्स्कीने केला, तोही शोस्ताकोविचशी बोलून बसवलेला, आणि त्याचा कोडा संथच आहे. म्हणून माझं मत संथ. पण गंमत बघा, १९५९ला बर्नस्टाइनने हीच सिम्फनी मॉस्कोत वाजवली तेव्हा शोस्ताकोविच स्वतः मंचावर आला होता!

वेग सोडा, स्वर ऐका. डी हा सा धरला तर तंतुवाद्यं आणि वुडविंड शेवटी नुसता पंचम कुटत राहतात. तोच, तोच, तोच. जलद वाजवलं की ती झगमग वाटते, संथ घेतलं की घण.

तिरकस : म्हणजे परत तेच, ‘सक्तीचा आनंद’. जल्लोष वरवरचा, धाकाने करवून घेतलेला, हे व्होल्कोव्हने शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून छापलेल्या १९७९च्या पुस्तकातलं, आणि पुस्तक अस्सल की नाही यावरच अजून भांडणं चालू आहेत.

मंद्रसप्तक : पुस्तक बाजूला ठेवू. जानेवारी १९३६मध्ये ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने शोस्ताकोविचच्या ऑपेराची सालटी काढली, चौथी सिम्फनी तालमीतूनच मागे घेतली गेली. त्याच सुमारास त्याने पुश्किनची एक कविता स्वरबद्ध केली (ओपस ४६): एक रानटी माणूस थोर चित्रावर रंग फासतो, वर्षं जातात, फासलेला रंग गळून पडतो, खालचं चित्र पुन्हा दिसतं. त्या गाण्याचे पहिले चार स्वर म्हणजे फिनालेच्या (शेवटच्या मूव्हमेंटच्या) सुरुवातीची मार्चची धून. आणि कोडाच्या आधी सगळं शांत होतं ना, तिथे हार्पवर त्याच गाण्याची साथ येते. याला कुणाच्या आठवणींची गरज नाही, स्कोअर उघडून बघा.

त्याआधीची संथ मूव्हमेंट, लार्गो, मात्र घाईत उरकू नका. पूर्ण मूव्हमेंटभर पितळी वाद्यं गप्प. व्हायोलिन तीन गटांत, व्हिओला आणि चेलो दोन-दोन गटांत. पहिल्या प्रयोगाला लोक इथे रडले होते म्हणतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. इतका वेळ गप्प बसलेली पितळी वाद्यं फिनालेच्या पहिल्याच क्षणी अंगावर येतात, तो धक्का लार्गोशिवाय बसत नाही.

तिरकस : हार्पचं लक्षातच आलं नव्हतं. हे मान्य.

वाटसरू : मग एकच घ्यायचं तर?

मंद्रसप्तक : म्राविन्स्की, लेनिनग्राड फिलहार्मोनिकबरोबरचं कुठलंही. ट्रम्पेट जरा कर्कश लागतील. लागू देत.