मदत हवी आहे: सायप्रसचा सल्फाइड नमुना समुद्रतळावरचा की तळाखालचा?

कॉलेजच्या संग्रहात मुठीएवढा दगड आहे. चिठ्ठीवर फक्त ‘ट्रूडोस, सायप्रस’ (ट्रूडोस ही तिथली डोंगररांग). तिथले तांबे आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) यांचे साठे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावरच्या ज्वालामुखींजवळ तयार झाले, हे माहीत आहे. समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं, खडकातले धातू विरघळवून वर येतं; साडेतीनशे अंशांचं हे पाणी थंड पाण्याला भिडलं की सल्फाइडं (धातू आणि गंधकाची खनिजं) साचतात. काही तळावर ढिगाऱ्यात, काही खालच्या भेगांच्या जाळ्यात. माझा दगड यांपैकी कुठला?

एका बाजूला हिरवट काळा बेसाल्ट, त्यात ३-४ मिलिमीटर जाडीच्या क्वार्ट्झच्या शिरा आणि शिरांत पायराइटचे सुबक घन. यावरून भेगांचं जाळं वाटतं. पण दुसऱ्या बाजूला द्राक्षाच्या घडासारखी गोलसर, थराथरांची सल्फाइडची साय आहे; ती तळावरच्या ढिगाऱ्यातली वाटते, आणि तिथेच मी अडकलोय. इतकी सुंदर आहे की तासभर भिंग हलत नाही!

पायराइटचा कस (घासल्यावर उमटणारी रेघ) हिरवट काळा आला, पोलादी सुरीने चरा पडला नाही. मधले पिवळे ठिपके सुरीने सहज खरवडले, म्हणजे चॅल्कोपायराइट (तांबं असलेलं सल्फाइड) असावं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने शिरा फसफसल्या नाहीत, म्हणजे त्या कॅल्साइटच्या नाहीत.

दगड कापायची परवानगी नाही, त्यामुळे पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा दगडाचा पातळ काप) सुचवू नका. दहापट भिंग आणि चांगला कॅमेरा आहे.

अशी गोलसर साय तळाखालच्या भेगेतल्या पोकळीतही तयार होते का? होत असेल, तर भिंगाखाली कोणत्या खुणेवरून दोन्ही वेगळे ओळखायचे?