बोटीवर राहताना शेजाऱ्यांचे आवाज: तुमचे अनुभव लिहा

डोलकाठी:
काल रात्री वारा सुटला होता आणि कुठल्यातरी झेंड्याच्या खांबाची दोरी टक टक टक वाजत होती. नवरा म्हणाला झोप गं, काही नाहीये, पण मी तासभर छताकडे बघत पडले होते. तीन वर्षं राहिलोय आम्ही १० मीटरच्या शिडाच्या बोटीवर, आणि त्यातलं पहिलं वर्ष शेजारच्या बोटीच्या ह्याच आवाजाने खाल्लं. शीड चढवायचा दोर सैल राहिला की वाऱ्यात डोलकाठीवर आपटतो, काठी ॲल्युमिनियमची आणि आतून पोकळ, त्यामुळे आख्खी घुमते, आणि धक्क्याला दोन बोटींत अंतर किती तर हातभर.

शेजारी फक्त शनिवार-रविवार यायचा. शेवटी एकदा वाऱ्याच्या लागोपाठ चौथ्या रात्री दोन वाजता मी उठले, जॅकेट चढवलं, त्याच्या बोटीवर गेले आणि तो दोर काठीपासून लांब ओढून बाजूच्या तारेला बांधून आले. न विचारता दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवायचा नसतो, हे मला पक्कं माहीत होतं, पुढचे दोन दिवस पोटात गोळा. रविवारी तो आला, गाठ बघितली, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलला नाही. संध्याकाळी आमच्या कठड्याला एक इलॅस्टिकची दोरी लटकत होती, दोन्ही टोकांना हुक. त्याच्या दोरालाही तशीच लावलेली आणि माझी गाठ सोडून टाकलेली. गाठीने तारेशी दोर घासून झिजतो, हुकवाल्या दोरीने नाही, हे मला नंतर कळलं. ती दोरी अजून आहे माझ्याकडे, काल रात्री कपाटातून काढून बघितली.

तुमचं सांगा. कोणाचा आवाज, किती दिवस, आणि मग काय केलंत?

सुकाणू:
जनरेटर. एवढंच लिहितो आत्ता, गाडी चालवायचीय, रात्री सविस्तर.

निळीशार:
अगदी अगदी!! दोराचा आवाज वाचूनच अंगावर आला. आम्ही तर भिंतीला डोकं लावून झोपायचो ती भिंत म्हणजे बोटीची बाजूच, पलीकडे शेजाऱ्याचा फेंडर, म्हणजे बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये लटकवतात तो फुगा, रात्रभर कुई कुई कुई. साबणाचं पाणी ओतलं की थांबायचं पण पाऊस आला की परत. मग जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून घातल्या फेंडरला, त्याच्या आणि आमच्या दोन्हीकडच्या. त्याला विचारून हं. तो म्हणाला मला वाटत होतं हा आवाज तुमचा आहे.

भरती_ओहोटी:
कुठली गाठ मारली होती?

डोलकाठी:
@भरती_ओहोटी साधी सुरगाठ. अंधारात तेवढीच सुचली.

भरती_ओहोटी:
सुरगाठ वाऱ्यात सुटते. दोन वेढे आणि दोन अर्धगाठी घालायच्या होत्या. असो, विषय तो नाही.

बाळाची_आई:
आम्हीच ते आवाज करणारे शेजारी. बाळ चार महिन्यांचं असताना बोटीवर राहायला गेलो, दात येताना रात्र रात्र रडायचं आणि पाण्यावर तो आवाज कुठवर जात असेल ह्या विचाराने मी त्याच्यापेक्षा जास्त रडायचे. बाकीच्या बोटींवर जाऊन माफी मागितली तर एक आजी म्हणाल्या अगं आम्हाला इंजिनचा त्रास होतो, बाळाचा नाही. त्या वाक्यावर मी पुढचे दोन महिने काढले. बाळ उठलं, येते नंतर.

निळीशार:
@बाळाची_आई किती गोड आजी. आता केवढं झालं बाळ? बोटीवरच आहात का अजून?

कप्तान_काका:
मुळात हे समजून घ्या की पाण्यावर आवाज जास्त का येतो. रात्री पाण्यालगतची हवा थंड, वरची त्यामानाने गरम. आवाज गरम हवेत जोरात पळतो, म्हणून वर जाणारा आवाज वाकून परत खाली पाण्याकडे येतो, पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर आपटून पुढे जातो, आणि मध्ये झाड नाही भिंत नाही. म्हणून तिकडच्या बोटीवर लोक आपल्याच सुरात गप्पा मारत असतात आणि इकडे शब्द न् शब्द कळतो. दुपारी तेच लोक तितक्याच आवाजात बोलले तरी ऐकू येत नाही, दुपारी उलटं होतं, आवाज वर निघून जातो. आम्ही नांगर टाकून होतो तेव्हा एका जोडप्याचं भांडण पूर्ण ऐकलं, अगदी घर कोणाच्या नावावर करायचं इथपर्यंत. सकाळी तेच छोट्या होडीतून हात हलवत गेले. मी त्यांना सांगितलं, की बाबांनो रात्री सगळं ऐकू येतं. वाईट वाटलं त्यांना, पण न सांगता ऐकत राहणं जास्त वाईट.

जलपर्णी:
काका बरोबर केलंत. माझ्याने नसतं सांगवलं.

सुकाणू:
आलो. तर जनरेटर. बाजूच्या बोटीवरचा माणूस रोज रात्री नऊला लावायचा ते बारापर्यंत. मी आधी टोमणे, मग चिठ्ठी, मग बोलणंच बंद. सहा आठवडे असं गेलं. शेवटी एका सकाळी त्याच्याकडे जाऊन सरळ विचारलं की रात्रीच का? तर त्याने मला खाली नेऊन बॅटऱ्या दाखवल्या. जुन्या शिसे-आम्लाच्या, फुगलेल्या. ह्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात, आणि ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग इतकं हळू होतं की उरलेल्याला तासन् तास लागतात. दिवसभर माणूस कामाला, आला की लावणार, दुसरं करणार काय. मला सहा आठवडे वाटत होतं हा मुद्दाम करतो. मग दोघांनी मिळून त्याच्या छतावर दोन सोलर पॅनल बसवले, माझ्याकडे एक जास्तीचं पडलेलंच होतं. जनरेटर पूर्ण बंद नाही झाला, पण ढगाळ दिवसांपुरता आणि तोही सात ते आठ.

ब्रिटनच्या कालव्यांवर नियमच आहे म्हणतात ना, रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद?

कालवेकर:
@सुकाणू हो आहे. इंजिन काय जनरेटर काय, आजूबाजूला कोणीच नसेल तरच सूट. बहुतेक जण पाळतात. आम्हाला पहाटे उठवतात ती बदकं. बोटीच्या पाण्यालगतच्या भागावर शेवाळ धरतं, ते टोचून खातात, आणि लोखंडी बोट म्हणजे आत डब्यात बसल्यासारखं, टकाटक टकाटक. बदकांना चिठ्ठी कशी लिहिणार :) शेवाळ घासून काढलं की येत नाहीत, एवढाच उपाय.

खलाशीण:
सगळे आवाजावर बोलताय, मला जनरेटरचं वेगळं सांगायचंय आणि कृपया वाचा. आमच्या वाऱ्याच्या बाजूला एक बोट होती, जनरेटर मागच्या डेकवर. मी आवाजाला कंटाळून कानात बोळे घालून झोपले. रात्री अलार्म वाजला, मला तो नीट ऐकूही आला नाही, मुलीने हलवून उठवलं. कार्बन मोनॉक्साइडचा, धुरातला विषारी वायू. त्यांचा धूर आमच्या उघड्या झडपेतून आत येत होता. वास येत नाही हो त्याचा. दोघींची डोकी ठणकत होती, बाहेर डेकवर ब्लँकेट घेऊन बसलो सकाळपर्यंत. शेजारी भले लोक, त्यांना कल्पनाच नव्हती, दुसऱ्या दिवशी जनरेटर हलवला. त्यानंतर मी बोळे घातले नाहीत कधी. अलार्म लावा, बॅटरी तपासा, आणि शेजाऱ्याचा धूर कुठे जातोय ते बघा.

बाळाची_आई:
@खलाशीण बापरे. आत्ता जाऊन आमचा तपासला. चालू आहे. (@निळीशार तीन वर्षांचा झाला, बोटीवरच आहोत, आता गाणी म्हणतो मोठमोठ्याने)

जलपर्णी:
आमचा शेजारी माणूसच नव्हता. खाऱ्या पाण्यात पहिल्याच रात्री तळातून चटचट चटचट, जसं काही वायरिंग जळतंय. नवऱ्याने मेन स्विच बंद केला, फळ्या उचलल्या, टॉर्च घेऊन दोघं रात्रभर. सकाळी धक्क्यावरचा माणूस म्हणाला कोळंबी आहे. एक जात असते, नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा आवाज. हजारोंनी असतात खांबांवर. दुसऱ्या महासमरात म्हणे पाणबुड्या शोधणाऱ्यांनाही ह्या आवाजाचा त्रास झाला होता. कळल्यावर आवाज तेवढाच राहिला पण झोप लागायला लागली.

कप्तान_काका:
@जलपर्णी बुडबुड्याचं २००० साली सिद्ध झालं, त्याआधी नांगी नांगीवर आपटते असंच समजायचे. आणि कॅलिफोर्नियात साउसालितोला तरंगत्या घरांतले लोक १९८० च्या दशकात रात्रीच्या गुणगुणीने हैराण झाले होते, कोणाला पंप वाटला कोणाला काय. निघाला मासा. नर मादीला बोलावतो, तासन् तास एकाच सुरात.

निळीशार:
काय सांगता! मासा गुणगुणतो??

भरती_ओहोटी:
धुक्यातल्या घंटेची तक्रार मात्र करू नका कोणी. नांगर टाकलेल्या बोटीने धुक्यात मिनिटाच्या आत एकदा, ५ सेकंद भरभर घंटा वाजवायची असते, समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. छोट्या बोटींना थोडी सूट असते ती गोष्ट वेगळी. मला एकदा कोणीतरी ओरडून सांगितलं बंद कर, मी नाही केली. पहाटे एक मालवाहू बोट आमच्यापासून फार लांबून गेली नाही.

कालवेकर:
बरोबर केलंत.

नवखा_नावाडी:
सगळं वाचलं. मी महिनाभरापूर्वीच राहायला आलोय बोटीवर. इथे आत्ता वारा वाढलाय आणि बाजूच्या बोटीचा दोर वाजायला लागलाय, बोटीवर कोणी नाही. डोलकाठी ताई, तुमच्यासारखी दोरी आहे माझ्याकडे. काय करू?

डोलकाठी:
मालकाचा नंबर आहे का? मग आधी फोन कर. मी तेव्हा केला नव्हता. वाजले किती बघू नकोस, त्याला पण त्याच्या दोराची काळजी असेल.

नवखा_नावाडी:
केला. जागाच होता, वाऱ्यामुळे झोप नाही म्हणाला. बांध म्हणाला, आणि पुढचा दोर पण बघून घे म्हणाला. टॉर्च घेऊन जातोय.

भरती_ओहोटी:
लाइफजॅकेट घाल आधी.