मदत हवी आहे : कुळागरातल्या मालासाठी पॉडकास्ट करते, ऐकणारे वाढवण्याबद्दलचे कुठले सल्ले खरे मानायचे?

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, मिरी, जायफळ आणि भिरंडीची, म्हणजे कोकमाची, झाडं. सोलं (कोकमाची वाळवलेली साल), आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस), मिरी, जायफळ-जायपत्री आम्ही घरीच तयार करतो आणि कुरिअरने पाठवतो. गिऱ्हाईक गोव्यातलं, शिवाय मुंबई, पुणे, बेळगावचं. त्यातली बरीच घरं अशी, की ज्यांची कुलदैवतं अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आहेत आणि वर्षातून एकदा तरी ती मंडळी मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी या बाजूला येतातच.

धंद्याच्या जोडीला मी पॉडकास्ट करते. मराठीतून बोलते, सासूबाई बोलतात तेव्हा कोकणी येते, ती तशीच ठेवते. झाडं, मोसम, माल कसा तयार होतो, घरात कसा वापरायचा, असे विषय. नाव मुद्दाम देत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

मदत हवी आहे ती ऐकणारे वाढवण्याबद्दल. भेटेल तो सल्ला देतो आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. काही सल्ले मी पडताळून पाहिले, काही अजून उलगडत नाहीत.

सगळ्यांचं पहिलं म्हणणं, आकडा वाढवा. एकाने तर ठरावीक पैशांत हजारो डाउनलोड मिळवून देण्याची तयारी दाखवली. हे ऐकणारे कुठले असतील, असं विचारलं तर सांगता येईना. म्हणून हा आकडा बनतो कसा, ते वाचत बसले. आयएबी ही डिजिटल जाहिरात क्षेत्रातली संस्था. तिने घालून दिलेले मापनाचे नियम बरेच होस्टिंगवाले, म्हणजे भाग साठवून अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या, पाळतात. भागाचा निदान एक मिनिटाचा आवाज उतरला की एक डाउनलोड धरायचं, आणि २४ तासांत त्याच इंटरनेट पत्त्यावरून, त्याच अ‍ॅपवर तोच भाग पुन्हा उतरला तर तो मोजायचा नाही. म्हणजे फोनमध्ये काय उतरलं ते कळतं, ऐकलं की नाही ते कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस १७ आलं, तेव्हा अ‍ॅपलने भाग आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली आणि कितीतरी पॉडकास्टचे आकडे घसरले. ऐकणारी माणसं तेवढीच होती. न ऐकता साठून राहणारे भाग उतरायचे थांबले, इतकंच.

विकत मिळणाऱ्या डाउनलोडचं तर त्याहून वाईट. मोबाईलवर गेम खेळणाऱ्याला बक्षीस मिळवायला एका जाहिरातीवर बोट ठेवावं लागतं आणि त्याच्या नकळत मागे एक भाग उतरतो. अमेरिकेतल्या बड्या कंपन्याही अशा रीतीने आकडे फुगवत असल्याचं २०२२ साली वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तो गेम खेळणारा माझं आगळ कशाला मागवेल?

आमच्याकडे एका मोसमात सोलं होतात ती ठरलेली. उद्या लाखभर लोकांनी ऐकून मागणी केली, तर द्यायला माल नाही आणि बाहेरून आणून विकायचा नाही हे घरात पक्कं आहे. मला हवेत ते दर वर्षी परत मागवणारे, आणि आपल्या बहिणीला, शेजारणीला सांगणारे. तसे आणखी काहीशे मिळाले तर आमचं वर्ष निघतं. हे मनाशी स्पष्ट आहे, पण अशा माणसांपर्यंत पोचायचे मार्ग मला कुणी सांगत नाही. सगळे आकड्यांचेच मार्ग सांगतात.

दुसरा सल्ला, दर भागाच्या शेवटी ‘पाच स्टार द्या’ म्हणा, म्हणजे तुम्ही वर याल. अ‍ॅपलने आपल्या माहितीत स्वच्छ लिहिलं आहे, की टॉप चार्टसाठी ऐकणं, फॉलो करणं आणि भाग शेवटपर्यंत ऐकणं धरलं जातं, रेटिंग आणि अभिप्राय धरले जात नाहीत. नवख्या माणसाला चार चांगले अभिप्राय दिसले तर विश्वास वाटतो, तेवढा उपयोग मान्य. पण त्यासाठी दर वेळी विनवण्या करणं मला पटत नाही.

तिसरा, भाग लहान ठेवा, लोकांना धीर नसतो. इथे माझ्या स्वतःच्या पॉडकास्टचा अनुभव वेगळा आहे. ऐकणारा कुठे सोडून जातो त्याचा आलेख अ‍ॅपमध्ये दिसतो. माझ्या बहुतेक भागांत रेघ सुरुवातीलाच कोसळते, जिथे संगीत, स्वागत आणि आमचा पत्ता असतो तिथेच. पण जायफळावरचा भाग चांगला लांब आहे आणि त्यात रेघ जवळजवळ आडवी चालते. त्या भागाला सुरुवातीचं काहीच नाही. ऐन पावसाळ्यात पडवीत बसून सासूबाई उकललेलं फळ हातात घेतात आणि लालभडक जायपत्री न तुटता बीवरून कशी सोडवायची ते सांगतात. पाऊस ऐकू येतो. ऊन नाही म्हणून चुलीच्या उबेला कशी वाळवायची, वाळताना तिचा लाल रंग पिवळसर कसा होतो, आणि जायफळ आत खुळखुळू लागलं की वाळलं असं समजायचं, हे त्या बी कानाशी हलवून दाखवतात. तो खुळखुळ माइकवर नीट आला आहे. त्या भागानंतर जायफळासाठी जितके फोन आले तितके कधी आले नव्हते. मग लांबीचं काय घेऊन बसायचं?

चौथा, दर आठवड्याला भाग आलाच पाहिजे. पॉडकास्ट सुरू केल्यापासून हे ऐकते आहे. आमचं काम मोसमाचं. एप्रिल-मे भिरंडीत जातो, तेव्हा घरात हात रिकामा नसतो. सुपारी उतरवायच्या दिवसांतही तेच.

आणि जिथे मी खरोखर अडले आहे तो प्रश्न भाषेचा. ओळखीचे हॉटेलवाले म्हणतात, गोव्यात पर्यटक येतात, इंग्रजीतून कर. कुणी म्हणतं, पूर्ण कोकणीतून कर. माझं गिऱ्हाईक मराठी वाचणारं, कोकणी बोलणारं आहे. एकाच पॉडकास्टमध्ये एक भाग मराठी, एक इंग्रजी असं चालेल का?

तर जाणकारांना विचारायचं ते असं : भाषेचं काय करावं, मोसमाप्रमाणे भाग काढले तर लोक तुटतात का, व्हिडिओ खरंच लागतोच का, आणि ऐकणारा गिऱ्हाईक झाला हे ओळखायचं कसं? नुसतं ‘कंटेंट चांगलं करा’ म्हणू नका, ही विनंती.

कुळागरवाली

प्रतिसाद : आवाज_दुरुस्ती (पुणे)

ताई, मी हेच काम करतो, छोट्या व्यावसायिकांचे भाग संपादित करून देतो. जमेल तसं उत्तर देतो.

भाषा एका पॉडकास्टमध्ये मिसळू नका. फॉलो करणारा माणूस एका अपेक्षेने करतो. त्याला न कळणारा भाग दोनदा आला की तो पुढचेही उघडत नाही. इंग्रजी करायचंच असेल तर वेगळा पॉडकास्ट, वेगळं नाव. पण तुम्ही गिऱ्हाईकाचं जे वर्णन केलं आहे त्यावरून इंग्रजीची गरज मला दिसत नाही. सासूबाईंची कोकणी मात्र काढू नका.

मोसमाचं म्हणाल तर सरळ सीझन करा. अ‍ॅपमध्ये भागाला सीझनचा क्रमांक देण्याची सोय असते. सुपारीचा एक, भिरंडीचा एक, पावसातला जायफळाचा एक. रेकॉर्डिंग मोसमात करून ठेवा, कारण आवाज तेव्हाच मिळतात, आणि हात मोकळे झाले की भाग बाहेर काढा. शेवटच्या भागात पुढचा सीझन कधी येणार ते सांगा. लोक थांबतात. न सांगता गायब झालात तर विसरतात.

तुमच्या आलेखानेच उत्तर दिलं आहे : सुरुवातीचं संगीत-स्वागत काढा. पत्ता भागाच्या वर्णनात लिहा, बोलून दाखवू नका. खुळखुळ पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकवा, मग म्हणा आपण कोण.

व्हिडिओबद्दल : यूट्यूबवर असायला हवं, कारण आपल्याकडे कित्येक लोक पॉडकास्टचं वेगळं अ‍ॅप ठेवतच नाहीत. पण त्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसायची गरज नाही, एका स्थिर चित्रावर आवाज चालतो. शिवाय नुसतं बोलणं असेल तर फाईल मोनो (एकाच चॅनेलची), ६४ केबीपीएसची करा, म्हणजे ती लहान होते. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत बसतो. वाळपई, सत्तरीच्या बाजूला रेंज कमी असते तिथे याचा फरक पडतो. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आसपास ठेवा, म्हणजे सासूबाईंसाठी आवाज वाढवायचा आणि तुमच्यासाठी कमी करायचा, असं ऐकणाऱ्याला करावं लागणार नाही.

प्रतिसाद : म्हापशेकार

म्हापशाच्या बाजारात आमचं दुकान आहे, म्हणून लिहितो. पर्यटक काजू घेतो तो दुकानासमोर उभा राहून, चव बघून. तो येण्याआधी कुळागरावरचा भाग ऐकत बसेल, असं मला इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. इंग्रजीच्या मागे लागू नकोस बाय.

प्रसिद्ध पाहुणे बोलाव, असंही तुला कुणीतरी सांगेलच. त्यांचे चाहते तेवढाच भाग ऐकतात आणि जातात. त्यापेक्षा तू दुसऱ्यांकडे पाहुणी म्हणून जा. स्वयंपाकाचे, बागकामाचे, आयुर्वेदाचे मराठी पॉडकास्ट आहेत. त्यांचा ऐकणारा आधीच कानाने ऐकायची सवय असलेला आहे आणि तुझ्या विषयातला आहे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, भिरंडीची साल रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात ती रीत तिथे सविस्तर सांग.

प्रतिसाद : कुळाचार (गिरगाव)

मी तुम्ही म्हणता त्या गिऱ्हाइकांपैकीच. आमची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा. अशा गोष्टी आमच्यापर्यंत येतात त्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पूर्ण भागाची लिंक सहसा कुणी उघडत नाही, आमच्या आईकडे ते अ‍ॅपच नाही. पण दोन-तीन मिनिटांचा तुकडा असला, की ‘सोलं चांगली कशी ओळखावी’, ‘आगळात पाणी किती घालावं’, तर तो दुपारपर्यंत चार ग्रुपवर फिरतो. तुकडा ऑडिओ फाईल म्हणूनच पाठवा, लिंक नको. आणि तुकड्यातच एका वाक्यात पॉडकास्टचं नाव येऊ दे, नाहीतर पुढे पाठवला की कुणाचा तेच कळत नाही.

आम्ही बरेच जण माघातल्या जत्रेला, नाहीतर मेच्या सुट्टीत येतो. त्याच्या आधी तीन-चार आठवडे भाग आले तर येताना तुमच्याकडे थांबू, घरून यादी करूनच निघू.

कुळागरवाली

तिघांचेही मनापासून आभार. भाषेचा प्रश्न सुटला, मराठी-कोकणीच ठेवते. जत्रेच्या आधीचं वेळापत्रक डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा मिरी ताजी असते, त्यामुळे सीझनही तिथे बसेल.

एक राहिलं. ऐकून आलेलं गिऱ्हाईक ओळखायचं कसं? आणि डब्यात घालायच्या चिठ्ठीवर क्यूआर कोड छापते आहे, तो यूट्यूबचा द्यावा की स्पॉटिफायचा?

आवाज_दुरुस्ती

ओळखायला दोन गोष्टी करा. ऑर्डर घेताना प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं’ हे विचारा आणि वहीत लिहा. आणि सवलतीचा एखादा शब्द फक्त भागात बोला, कुठेही लिहू नका. समजा ‘जायपत्री’. तो शब्द सांगणारा ऐकूनच आला आहे. सवलत देणं परवडत नसेल तर शब्द सांगणाऱ्याला चार जायपत्रीची पानं डब्यात जास्त घाला. सगळे सांगणार नाहीत, पण मोसमामागून मोसम आकडा वाढतो आहे की नाही ते त्यावरून कळतं. डाउनलोडपेक्षा मी ती वही मानतो.

क्यूआर कोड कुठल्याच अ‍ॅपचा देऊ नका. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, तेव्हा ज्यांनी त्याच्याच लिंक छापल्या होत्या त्यांचा छापील कागद वाया गेला. स्वतःच्या वेबसाइटवर एक साधं पान करा. वर भाग तिथेच वाजवायचं बटण, खाली सगळ्या अ‍ॅपच्या लिंक आणि तुमचा ऑर्डरचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. कोड त्या पानाचा. छापायला देण्याआधी तो जुन्या अँड्रॉइड फोनवर, कमी रेंजमध्ये उघडून बघा. आणि चिठ्ठीवर कोडच्या वर ‘आमचा पॉडकास्ट ऐका’ असं लिहू नका. जायफळाच्या डब्यात ‘हे जायफळ कसं वाळवलं ते ऐका’ लिहा, सोलांच्या डब्यात सोलांचं. प्रत्येक मालाचा कोड त्याच मालाच्या भागावर जाऊ दे.