वर्षाचे संकल्प नाताळात तपासता का कोण? आणि तपासायचे कसे?

गंगावेशकर
नमस्कार मंडळी. पोरांना नाताळची सुट्टी लागलीय, दोघं गारगोटीला आजीकडं गेल्यात, घर जरा शांत आहे म्हणून नवीन कालनिर्णय लावायला घेतलं आणि जुनं खाली काढलं. जानेवारीच्या पानामागं यंदाचे संकल्प लिहिलेले मीच, पाच. सकाळी रंकाळ्यावर चालायला जायचं, महिन्याला एक पुस्तक (त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरची मेंबरशिप पण घेतली), दर रविवारी आईला फोन नाहीतर भेट, घरखर्चातनं बाजूला काढून पोस्टात आरडी, आणि रात्री दहानंतर मोबाईल हातात घ्यायचा नाही.

आता बघितलं तर आरडी एकही महिना चुकली नाही. आईचा रविवार पण जवळजवळ सगळा पाळला. चालणं जूनपर्यंत मस्त चाललं, मग जे बंद झालं ते बंदच. पुस्तकं उन्हाळ्यात झाली तेवढीच. मोबाईलचं काहीच झालं नाही. त्यात ऑगस्टमध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दिवाळीपर्यंत सगळं त्यांच्याभोवतीच फिरत होतं.

आमच्या ह्यांचं म्हणणं संकल्प वगैरे जानेवारीतला उत्साह असतोय, लिहिलं काय न लिहिलं काय सारखंच. मला ते पटत नाही, कारण आरडी लिहिली नसती तर झालीच नसती हे मला माहीत आहे. पण मग तपासायचं कसं? पाचातले दोन झाले, तीन नाही, असं परीक्षेसारखं? आणि तेच पाच परत नवीन पानामागं उतरवून काढायचे का? तुम्ही लोक कसं करता ते सांगा, मनापासनं विचारतोय.

तांबटकमान_ते_संध्यामठ
ताई, तुम्ही कालनिर्णयावर दूध, गॅस सगळं लिहीत असणार, आमच्या घरात पण तसंच आहे. मग चालण्याची खूण पण असेल कुठंतरी. ती कुठल्या तारखेला थांबली ते बघा, सगळं तिथंच सापडतंय. झालं की नाही झालं एवढंच बघितलं तर काहीच कळत नाही. मी लई वर्षं झाली रंकाळ्यावर येतोय आणि दरवर्षी हेच बघतोय, जानेवारीत नवीन बूट घातलेली माणसं येतात, शिवरात्रीपर्यंत गर्दी कमी होते, तरी मे महिन्यात परत बऱ्यापैकी असते कारण पोरांना सुट्टी आणि उजाडतं लवकर. आणि मग जूनच्या मध्यावर बायका एकदम गायब. पाऊस हे एक कारण आहेच, आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार-चार दिवस उघडीप नसते, फरशीवर शेवाळ धरतं. पण खरं कारण शाळा सुरू होते हे आहे. डबे. सहा वाजता तुम्ही रंकाळ्यावर असाल तर डबा करणार कोण? त्यामुळं चालणं तुमच्या आळसानं बंद पडलं असं मी तरी म्हणणार नाही, शाळेच्या टायमिंगनं बंद पडलं.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. संकल्पात "सकाळी" हा शब्द आहे तोच काढा. पोरं शाळेत गेल्यावर जा, नाहीतर संध्याकाळी जा. आणि जून ते सप्टेंबर रंकाळा लिहूच नका, घराच्या गच्चीवर किंवा जिन्यावर जे जमेल ते लिहा. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली तेव्हा अर्धं शहर पुराच्या कामात होतं, त्या महिन्यात चालणं झालं का हा प्रश्न कोणी स्वतःला विचारला पण नाही. कोल्हापूरचं वर्ष सगळीकडं एकसारखं सपाट नाही, मग संकल्प बारा महिने सारखा कसा चालंल?

मानसशास्त्र_शिकवते
ताई, तुमच्या मिस्टरांसाठी आधी. अमेरिकेत नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यात नववर्षाला संकल्प केलेले लोक आणि तसाच बदल करायची इच्छा असलेले पण संकल्प न केलेले लोक, दोघांना सहा महिने फोन करून विचारलं. सहा महिन्यांनी संकल्पवाल्यांतले 46 टक्के टिकून होते, दुसऱ्या गटातले 4 टक्के. म्हणजे लिहिलं काय न लिहिलं काय सारखंच, हे खरं नाही. आता अर्ध्याहून जास्त लोकांचं सुटलं हेही त्यातच आलं, म्हणून दोन टिकले तीन सुटले याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं, ते 21 दिवसात सवय लागते वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याच्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात रोजची एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. पाणी प्यायची सवय पटकन लागते, व्यायामाची फार उशिरा. आणि मला त्यातली सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही वाटते की मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की वहीच बंद करतो.

आता तुमचे पाच परत वाचा बरं. आरडीची तारीख ठरलेली आहे, पोस्ट ठरलेलं आहे. आईचा रविवार ठरलेला आहे. पुस्तक "महिन्याला एक", पण कधी, कुठं बसून, काही नाही. मोबाईलचं तर फक्त "नाही" आहे, दहा वाजता मोबाईल ठेवायचा कुठं आणि हातात दुसरं काय घ्यायचं ते नाहीच. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात हेच दाखवलं, की "अमुक वेळ झाली की मी तमुक करीन" एवढं नेमकं ठरवलं की काम होण्याची शक्यता बरीच वाढते. तुम्ही नकळत दोन संकल्पांना ते केलंय. बाकीच्या तिघांना वेळ आणि जागा द्या. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात आणि वाचन मंदिरचं पुस्तक उशाशी, हे दोन संकल्प एकमेकांना जोडूनच टाका, मी तसं करते आणि चालतं.

शिरोळचा_ऊसकरी
सगळ्यांचं वाचलं, चांगलं लिहिलंय. मी शेतकरी माणूस, माझं जरा वेगळं आहे ते सांगतो.

एक जानेवारी आमच्याकडं वर्षाची सुरुवात नसतीयच. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम, साखर कारखान्याची तोड कधी येईल सांगता येत नाही, टोळी आली की रात्री-अपरात्री ट्रॅक्टर भरायला थांबायचं, उसाचं वाढं बांधायचं, मग बिलाची वाट बघायची. कायद्यानं 14 दिवसात द्यायला पाहिजे म्हणतात. अशा दिवसात मी तंबाखूचा मावा सोडायचा संकल्प केला आणि तो टिकंल असं म्हणणं चूक आहे. थंडीत रात्रभर जागं राहायचं, शेजारी बसलेला प्रत्येकजण मळतोय, पुडी पुढं करतोय. दोन वर्षं जानेवारीत धरला आणि हंगामातच सुटला. मग बायको म्हणाली गुढीपाडव्याला धरा, तोवर ऊस गेलेला असतोय, माणसं पांगलेली असत्यात. पाडव्याला धरला. यंदाचा हंगाम आता निम्मा झाला, अजून धरलेलाच आहे. सरकारचा फोन नंबर आहे तंबाखू सोडायला, 1800112356, फुकट आहे, मराठीत बोलत्यात, सुरुवातीचे दिवस लई मदत झाली. इथं कोणाला पाहिजे असंल म्हणून लिहिला.

आणि ताई अजून एक. आमच्याकडं उसाची एक लागण असती, तिला 'सुरू' म्हणत्यात, ती जानेवारी-फेब्रुवारीत करत्यात, ती वर्षात तुटती. आडसाली जुलै-ऑगस्टात लावत्यात, ती दीड वर्ष रानात उभी असती. आडसालीचा प्लॉट डिसेंबरात बघून कोण म्हणत नाही की पीक वाया गेलं, ते अजून वाढाय लागलेलं असतंय. तुमचं पुस्तकाचं तसं असंल. सगळं डिसेंबरातच तुटलं पाहिजे असं कुठं आहे? माझं ठिबक करायचं दोन वर्षांपासनं चाललंय, यंदा निम्म्या रानाला झालं, राहिलेलं पुढच्या लागणीला. ते मी राहिलं असं लिहीत नाही, चालू आहे असं लिहितो.

न्यूशाहूपुरी_कॅरल
आम्ही कोल्हापूरचे ख्रिस्ती, आजोबांच्या आधीपासून वायल्डर चर्चचे. (ज्यांच्या नावानं चर्च आहे ते वायल्डर 1852 मध्ये कोल्हापूरला आले, अमेरिकेतून.) आमच्याकडं वर्ष तपासायची रीत 31 डिसेंबरच्या रात्रीला बांधलेली आहे, वॉचनाईटची उपासना असते, बारा वाजेपर्यंत. पण खरं तपासणं त्याच्या आधी, 25 नंतरच्या या आठवड्यात घरात होतं. नाताळची धावपळ संपलेली असते, करंज्यांचा डबा निम्मा झालेला असतो, कॅरलवाल्या पोरांचे घसे बसलेले असतात, आणि आई सगळ्यांना एकदा समोर बसवते. ती संकल्पांचं विचारतच नाही आधी. ती विचारते, यावर्षी न मागता काय आलं? कुणाची नोकरी, कुणाचं बाळ, कुणाचा आजार पण. मग प्रत्येकानं सांगायचं की त्या आलेल्या गोष्टीला आपण काय दिलं.

ताई, मला तुमच्या पोस्टमधलं सासूबाईंचं वाक्य सगळ्यात मोठं वाटलं आणि ते तुम्ही कारण म्हणून लिहिलंय. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला बेडवरून वॉकरवर आणणं, त्यांचं सगळं करणं, ऑगस्ट ते दिवाळी. आमच्या वडिलांच्या वेळी मी ते केलंय, त्या महिन्यांत दुसरं काही होत नाही आणि व्हायची गरज पण नसते. तुमच्या पानामागं पाच ओळी आहेत, सहावी लिहा, आज लिहा. ती जानेवारीत लिहिलेली नव्हती म्हणून हिशोबात धरायची नाही हे मला मान्य नाही.

आणि ऊसकरी दादांच्या पाडव्याला दुजोरा द्यायचा होता. मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत नववर्षाला देवाबरोबरचा करार नव्यानं करायची उपासना असते, ती त्या पंथाच्या जॉन वेस्लीनं सुरू केली, पण पहिली झाली ती 1755 च्या ऑगस्टमध्ये, लंडनमध्ये. वर्षाच्या सुरुवातीला ती नंतर सरकली. तर ऑगस्टमध्ये पण धरता येतं.

गंगावेशकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. दुपारभर कालनिर्णय घेऊनच बसलेले.

तांबटकमान दादा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. चालण्याच्या बारीक टिका जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहेत, आणि शाळा सुरू झाली त्या तारखेपासनं त्या चौकोनात डब्याच्या भाज्या लिहायला सुरुवात केलीय मी. एवढं समोर असून सहा महिने मी पावसाला दोष देत होते. आता पोरं गेली की साडेआठला निघायचं ठरवलंय, ऊन झालं तरी डिसेंबरात चालतंय, उन्हाळ्यात बघू. मॅडम, मोबाईल स्वयंपाकघरात हे कालच केलं, पहिल्या रात्री हात सारखा उशाकडं जात होता. पुस्तकाला मी आता महिना लावत नाही, आडसालीच धरते, दीड वर्षात बारा.

सहावी ओळ लिहिली. लिहिताना डोळ्यात पाणी आलं. सासूबाई समोरच बसलेल्या, काय लिहितीस म्हणाल्या, वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या माझा पण एक लिही, गुढीपाडव्याला अंबाबाईला स्वतःच्या पायानं जायचं. म्हणून नवीन पानावर पहिला तो लिहिला. डॉक्टर म्हणतात जमेल, पण आत्ता गॅलरीपर्यंतच चालतात, जिना अजून नाही. मंदिरात गर्दी किती असते माहीतच आहे तुम्हाला. वॉकर घेऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अनुभव आहे का कुणाला, कुठल्या दरवाज्यानं पायऱ्या कमी पडतात, पाडव्याला किती वाजता जावं?

तांबटकमान_ते_संध्यामठ
पाडव्याच्या दिवशीच नको ताई, त्या दिवशी सकाळपासून रांग असते आणि धक्काबुक्की त्यांना झेपणार नाही. दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर जावा, मधल्या वारी, दुपारी नैवेद्याच्या आधी जरा मोकळं असतं. आणि आधी एकदा तुम्ही एकट्या जाऊन चारी दरवाज्यांच्या पायऱ्या बघून या, मोबाईलवर फोटो काढून त्यांना दाखवा, त्यांच्या फिजिओथेरपिस्टला पण दाखवा, तेवढ्याच पायऱ्या घरातल्या जिन्यावर सराव करता येतील. आमच्या आईला आम्ही असंच नेलं होतं.

शिरोळचा_ऊसकरी
आजींना नमस्कार सांगा. तोवर आमचा हंगाम संपत आलेला असंल, मी पण येईन दर्शनाला, दोन माणसं धरायला लागली तर सांगा.