हरिश्चंद्राची फॅक्टरी : त्या घरात नेमकं काय चालायचं?

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी कृपा करून पुढे ढकलू नका. परेश मोकाशींचा हा २००९ चा चित्रपट. 'श्वास'नंतर ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला दुसरा मराठी चित्रपट. विषय दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला एवढाच. पण काय मांडणी आहे! विमा पॉलिसी गहाण पडते, घरातलं सामान जातं, डोळे जायची वेळ येते, आणि तरीही चित्रपट एकदाही रडत नाही. नंदू माधव यांचे फाळके सतत कुठल्यातरी उद्योगात असतात आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई सोसणाऱ्या पत्नी नाहीत, त्या उद्योगात बरोबरीच्या आहेत. मला सगळ्यात आवडलं ते हे. चरित्रपटात बायकोला दाराआड उभं करायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

एकच रुखरुख राहिली. कच्ची फिल्म घरी आल्यापासून ती पडद्यावर दिसेपर्यंत काय काय करावं लागत होतं, तो भाग भराभर निघून जातो. सुहासकाका, अपर्णाताई, तुम्ही दोघं यातले जाणकार. जरा सविस्तर लिहाल का?

मंजिरी

प्रेषक: सुहास

मंजिरी,

भोकांपासून सुरुवात करतो, कारण त्या घरातलं सगळ्यात किचकट काम तेच होतं आणि ते सरस्वतीबाईंनी केलं.

त्या काळी कच्ची फिल्म बहुधा कोऱ्या कडांची मिळायची. ३५ मिलिमीटर रुंद पट्टी, वर इमल्शनचा म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या रसायनाचा थर, बस्स. कॅमेऱ्यातला आकडा जिच्यात अडकून फिल्म पुढे सरकते ती कडेची भोकं आपली आपण पाडायची. म्हणून फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून येताना विल्यमसन या इंग्लिश बनावटीच्या कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं. हिशेब असा: एका चौकटीला (म्हणजे फिल्मवरच्या एका चित्राला) प्रत्येक कडेला चार भोकं, फुटाला सोळा चौकटी, म्हणजे दोन्ही कडा मिळून फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं झाली. शिवाय निगेटिव्ह वेगळी, प्रिंटची फिल्म वेगळी, दोन्हींना भोकं हवीत. चित्रीकरणात फुकट गेलेली फिल्म यात धरलेली नाही.

यंत्र असलं तरी चूक कुठे होते ते पाहा. दोन भोकांमधलं अंतर पावणेपाच मिलिमीटर. यंत्राची सुई बोथट झाली की भोकाच्या कडेला फिल्मची बारीक कुसळं राहतात. ती प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म भिंगासमोरून सरकते त्या खिडकीत, सांडतात आणि चित्रावर ओरखडे उठवतात. अंतर सारखंच पण थोडं कमी-जास्त पडलं तर दातेरी चाकावर भोकं बसत नाहीत आणि कडा फाटतात. अंतर कधी कमी, कधी जास्त झालं तर चित्र पडद्यावर उड्या मारतं. चौकटीतल्या चित्राची उंची १८ मिलिमीटर आणि पडदा तीन मीटर उंच धरला तर चित्र सुमारे १६७ पट मोठं होतं. म्हणजे भोकात ०.०५ मिलिमीटरची चूक पडद्यावर आठ मिलिमीटरची उडी!

आणि हे सगळं अंधाऱ्या खोलीत. अगदी मिट्ट काळोख मात्र लागत नव्हता. त्या वेळची फिल्म निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी, त्यामुळे मंद तांबडा दिवा चालायचा. बोटाला घाम असेल तर मात्र ठसा कायमचा उमटतो. मुंबईची हवा आणि बंद खोली डोळ्यांपुढे आणा. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, आणि मग रात्री हे काम. आपल्या पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हे नाव ठळक असायला हवं होतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

सुहास

प्रेषक: अपर्णा

काकांनी तांबड्या दिव्याचा विषय काढलाच आहे तर त्याची दुसरी बाजू सांगते. ती नटांच्या चेहऱ्यावर दिसते.

जी फिल्म तांबडं पाहत नाही तिला कुंकू काळं दिसतं. लाल शालू काळा, पिवळा पितांबर मळकट, आणि निळं आकाश मात्र पांढरं फटक. ढग उमटतच नाहीत. आपल्या कातडीचा गव्हाळ रंग म्हणजे बराचसा तांबडा-पिवळा, त्यामुळे चेहरा प्रत्यक्षापेक्षा काळवंडतो. वर दाढीचे खुंट, मुरुमांचे डाग असं सगळं उठून दिसतं. फिकट रंगाचा जाड लेप चेहऱ्यावर का थापत, ते यावरून लक्षात येईल. ओठांना लाली लावली तर तोंडाच्या जागी काळी फट दिसणार, म्हणून तीही बेतानंच लावायची.

आता चित्रपटातला मिशांचा प्रसंग पुन्हा आठवा. स्त्री भूमिकेसाठी मिशी काढायला नट तयार नाहीत, कारण बाप गेल्याशिवाय मिशी उतरवायची नाही अशी रीत. आपण हसतो. पण फाळक्यांचा हट्ट नुसता हौसेचा नव्हता. नाटकात वीस-तीस फुटांवरून, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात जे खपून जातं ते भर उन्हात, या फिल्मवर, जवळून अजिबात खपत नाही. अण्णा साळुंके तारामती म्हणून उभे राहिले ते या कॅमेऱ्यापुढे. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. स्त्रिया आल्या त्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई.

चादरी कशासाठी, हेही विचारलंत तर बरं. उन्हाची सावली डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळी कुळकुळीत पडते. समोरून पांढरी चादर तिरकी धरली की तिच्यावरून परतलेला उजेड ती सावली उचलतो. वाऱ्यानं चादर हलली की चेहऱ्यावरचा उजेडही हलतो, म्हणून ती ताणून धरायची आणि शॉट संपेपर्यंत हलायचं नाही.

अपर्णा

प्रेषक: केदार (कार्यकारिणी)

सुहासकाका, अपर्णाताई, मनःपूर्वक आभार. मंडळात हा चित्रपट दाखवावा अशी बऱ्याच जणांची मागणी आहे. तीन प्रश्न. एक, फिल्म धुण्याबद्दल काहीच आलं नाही. दोन, मूळ 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग इंटरनेटवर आहे, पण माणसं धावत सुटल्यासारखी दिसतात, ते तसंच असतं का? तीन, मुलांसाठी हाताला काही काम देता येईल का?

केदार

प्रेषक: सुहास

केदार,

धुलाई. डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचं, तापमान १८ ते २० अंश हवं. मुंबईच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर. दहा अंशांनी तापमान वाढलं की धुण्याची वेळ निम्मी किंवा त्याहूनही कमी होते, आणि मग लाकडी चौकटीवर गुंडाळलेली शंभर-दोनशे फूट फिल्म सारखी धुतली जाणं कठीण. एक टोक काळं, दुसरं फिकट. खरी भीती इमल्शनच्या थरातल्या जिलेटिनची. गरम पाण्यात ते फुगतं, कडेने सुटतं, नाहीतर सुरकुत्या पडून चित्रावर जाळी उमटते. ती जाळी कशानेही जात नाही. गरम मुलखातल्या छायाचित्रकारांचे उपाय ठरलेले: टाकीभोवती बर्फ (टाकीत नाही, नाहीतर द्रावण पातळ होतं), हायपोच्या (उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाच्या) पाण्यात तुरटी म्हणजे थर घट्ट होतो, आणि काम रात्री. त्यानंतर भरपूर पाण्याने धुणं, कारण हायपो राहिला तर काही महिन्यांत चित्र पिवळं पडून विरतं. वाळवताना धूळ बसली की तीही जन्माची सोबतीण. या फिल्मचा आधार, म्हणजे थराखालची पट्टी, नायट्रेटची आणि म्हणून ज्वालाग्राही. पेटली की पाण्यानेही विझत नाही. असं काम दादरच्या राहत्या बंगल्यात, घरात मुलं असताना चालायचं!

धावणारी माणसं. दोष फाळक्यांचा नाही आणि कॅमेरा चालवणाऱ्या त्र्यंबक तेलंगांचाही नाही. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी. तीच फिल्म चोवीसच्या गतीने चालवली की सगळे दीडपट वेगाने पळतात. यूट्यूबवर गती ०.७५ करा, अठरापर्यंत येईल. काही प्रती आधीच सुधारलेल्या असतात, तेव्हा माणसाचं चालणं बघून ठरवा. तरी काही ठिकाणी एकाच शॉटमध्ये वेग बदललेला दिसेल. हात मंदावला की चौकटी कमी पडतात, म्हणून माणूस जलद दिसतो, आणि प्रत्येक चौकटीवर उजेड जास्त पडल्यामुळे चित्र उजळतं. दोन्ही एकदम झालं तर समजा हात मंदावला होता.

मुलांसाठी जाड कागदाच्या ३५ मिलिमीटर रुंद, साधारण ३१ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. १९ मिलिमीटरवर एक अशा सोळा चौकटी आखा. दोन मिलिमीटरच्या चामड्याच्या पंचाने दोन्ही कडांना चौकटीमागे चार भोकं. एका मुलाने पट्टीने मोजून, दुसऱ्याने अंदाजाने. मग दोन्ही पट्ट्या एका टोकाला जुळवून खिडकीच्या काचेवर धरा. पहिल्या दोन चौकटींत उजेड आरपार येतो, पुढे भोकं एकमेकांपासून सरकत जातात आणि शेवटाला उजेड बंद. एवढ्या एक फुटात हे. तिकडे ३७०० फूट होते.

सुहास

प्रेषक: अपर्णा

केदार, कार्यक्रमाबद्दल माझं मत. आधी मोकाशींचा चित्रपट, दीड तासाच्या थोडा वर आहे. मध्यंतर नको, त्याची लय मोडते. मग मूळ चित्रपटातली दहा मिनिटं. उलट क्रमाने दाखवलंत तर लोक मूळ चित्रांना हसतील. आधी धडपड पाहिली की तेच प्रेक्षक डोळे फाडून बघतील. विश्वामित्राच्या यज्ञातल्या ज्वाळांत स्त्रिया दिसतात तो भाग नक्की घ्या. फिल्म मागे गुंडाळून त्याच चौकटींवर दुसऱ्यांदा चित्रण करण्याची ही करामत आहे. पहिल्या वेळी काळी पार्श्वभूमी ठेवली नाही तर दोन्ही चित्रं एकमेकांना खातात, आणि फेरे मोजण्यात चूक झाली तर बाई ज्वाळेआधीच प्रकट होते. निवेदनात एवढं जरूर सांगा की पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आज याचा काही भागच उरला आहे आणि तो १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा असावा असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

घरगुती डीव्हीडी किंवा स्ट्रीमिंगचं खातं हॉलमध्ये चालत नाही. जाहीर खेळासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी मागवा, आणि ती येईपर्यंत तारीख जाहीर करू नका. जुनी चौकट ४:३ ची असते. हॉलच्या प्रोजेक्टरवर 'पूर्ण पडदा' हा पर्याय बंद करा, नाहीतर हरिश्चंद्र आडवा पसरेल.

आणि आपण इंग्लंडात आहोत तर सहलीचंही बघा. फाळक्यांना ज्यांनी आपला स्टुडिओ दाखवला त्या सेसिल हेपवर्थ या इंग्लिश चित्रपट-निर्मात्याचा स्टुडिओ वॉल्टन-ऑन-थेम्सला होता. त्याचं वीजघर अजून उभं आहे, आता तिथे वॉल्टन प्लेहाउस हे नाट्यगृह चालतं. वॉटर्लूहून थेट गाडी आहे. आत जायचं तर नाट्यगृहाला आधी कळवावं लागेल, ते मी करते. यायला कोण कोण तयार आहे ते याच धाग्यावर लिहा.

अपर्णा