गेटवरचा सह्यांचा कागद

ए-३०२ वहिनी: वॉचमनच्या टेबलावर जो कागद आहे त्यावर कृपया कुणी सही करू नका. "शिक्षक मिळत नाहीत, तरी टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) अट शिथिल करावी" असं लिहिलंय. सातवीला जूनपासून गणिताला माणूस नाही, हे खरंच. पण त्यावर हे औषध?

सेक्रेटरी: कागद सोसायटीचा नाही, शाळेच्या पालक संघाचा आहे. उद्या ८ ते ११ टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवावे.

सी-१०४ दादा: टीईटी पास झालेली पोरं गावोगाव बसून आहेत. मग तुटवडा कसला?

बी-४०१ केंद्रप्रमुख काका: वहिनी, ते निवेदन मुंबईला राज्य सरकारकडं पाठवून उपयोग नाही. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे शिक्षकाची पात्रता एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) ठरवते. टीईटीची अट २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेतली. सवलत द्यायची तर २३(२) खाली केंद्रानं, जास्तीत जास्त ५ वर्षं, आणि तीसुद्धा राज्यात प्रशिक्षण संस्था किंवा पात्र उमेदवार पुरेसे नसतील तरच.

डी-२०१ अण्णा: काका, मान राखून बोलतो. टीईटीच्या पेपर २ मध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या, गणित-विज्ञानाला ६० गुण. उरलेले ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. पास व्हायला किती? ६० टक्के, म्हणजे ९०. उणे गुण नाहीत. पाऊण भागिले अर्धा करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे फळ्यावर सांगता येतं का, ते यात कोण बघतंय?

ए-३०२ वहिनी: मग परीक्षा कडक करा म्हणा की. काढून टाका कशाला?

सी-१०४ दादा: पास झालेली बसून आहेत. तुटवडा कसला?

डी-२०१ अण्णा: आणि नोकरीतल्यांनाच परीक्षेची भीती वाटते, हे वेगळंच.

बी-२०४ मॅडम: अण्णा, हे कुणाला उद्देशून? १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त राहिलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचंय. मतदार यादी, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशोब हे सगळं उरकून. भीती नाही हो, वेळ नाही. पार्किंगच्या मीटिंगलाही तुम्ही असंच बोलला होता.

डी-२०१ अण्णा: पार्किंग कुठून आलं मध्येच?

सी विंग भावा: पार्किंगलापण टीईटी लावा. रिव्हर्स जमत नाही त्याला सोसायटीत प्रवेश नाही. लई जण नापास होतील 😄

बी-४०१ केंद्रप्रमुख काका: जागा का भरत नाही ते नीट ऐका. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. आधार जुळलं नाही की पोरगं वर्गात असून मोजणीत अडकतं. नावात एक वेलांटी चुकली तरी पुरे. मग पद मंजूर, मग बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, ती यादी) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. इथं फाइल महिनोन्‌महिने पडते. मग जिल्ह्यात दुसऱ्या शाळेत अतिरिक्त ठरलेला शिक्षक असेल तर आधी त्याला घ्यायचं. त्यानंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवर, जाहिरात. निवड झाली तरी वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक), मगच पगार. यात टीईटीनं अडवलं असं एक तरी ठिकाण दाखवा.

डी-२०१ अण्णा: आणि टीईटीनंतर भरतीसाठी द्यावी लागते ती अभियोग्यता चाचणी? २०१७ ला झाली, पुढची २०२३ उजाडल्यावर, त्यानंतर २०२५. मध्ये टीईटी पास होऊनही दार बंदच.

बी-४०१ केंद्रप्रमुख काका: अण्णा, हे मात्र शंभर टक्के.

सी-१०४ दादा: तेच म्हणतोय मी. तुटवडा कसला?

बी-२०४ मॅडम: दादा, सगळीकडं तसं नाही. गगनबावडा, शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यांत गणित-विज्ञानाला खरंच माणूस टिकत नाही. शिक्षणसेवक म्हणून पहिली ३ वर्षं महिना १६,००० मानधनावर काढायची, त्यात खोलीभाडं. तीच बी.एस्सी. मुलगी कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास घेईल. अट काढली तर १६,००० चे ८,००० करणारे संस्थाचालक तेवढे खूश होतील. माणूस तिकडं जाणार नाहीच.

ए-१०१ आजी: मी सकाळीच सही केली. मला वाटलं टाकीचं आहे.

सी विंग भावा: आजी, नाद खुळा!

ए-३०२ वहिनी: काका, शनिवारी पालक सभेत नेमकं काय विचारू?

बी-४०१ केंद्रप्रमुख काका: तीनच कागद मागा. यंदाची संचमान्यता: सहावी ते आठवीला मंजूर पदं किती, भरलेली किती. बिंदुनामावली तपासून कोणत्या तारखेला आली. पवित्रवर मागणी नोंदवली का. तोवर तासिका तत्त्वावर (तासाप्रमाणे पैसे देऊन) जे घेतलेत त्यांची पदवी गणिताची आहे का आणि बी.एड. किंवा डी.एड. झालंय का, तेही विचारा. आवाज चढवू नका, लेखी द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. त्याशिवाय कागद हरवतो.

डी-२०१ अण्णा: आणि नेमायच्या आधी एक पाठ घ्यायला लावा. पालकांसमोर. विषय मी सांगितलाय वर.

बी-२०४ मॅडम: यावर मात्र माझी हरकत नाही.

सी-१०४ दादा: टीईटी पास झालेली पोरं गावोगाव बसून आहेत...

सेक्रेटरी: दादा, वाचलं सगळ्यांनी 🙏 कागदावर १७ सह्या झाल्यात. ज्यांना नाव खोडायचंय त्यांनी खाली जाऊन स्वतः खोडावं, वॉचमनला सांगू नये. आजींचं मी खोडतो, त्यांना लिफ्टनं परत खाली आणू नका. टाकी ८ ला म्हणजे ८ ला.